पाण्याची चिठ्ठी

"ओ पिवळी ओढणी! कुत्रं वढा मागं! आधी कुत्रं, मग माझ्याकडं बघा!"

भानुदासतात्यांनी मला उद्देशून म्हटलेलं हे पहिलं वाक्य. पळसदेवला राहायला येऊन आम्हाला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. बाबा वालचंदनगरच्या नोकरीतून निवृत्त झाले होते आणि धरणाच्या पाण्याजवळ त्यांनी हौसेने घर बांधलं होतं. मे महिना होता. पाणी इतकं खाली गेलं होतं की जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं, आणि आमचा लॅब्रेडोर, कोको, मला ओढत काठाच्या चिखलापर्यंत घेऊन गेला होता. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी आधी कुत्रं ओढलं. मग बघितलं. सत्तरीचा, काटक, पांढऱ्या टोपीचा एक माणूस मोपेड आडवी टाकून माझ्याकडे पळत येत होता. त्याच्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात पांढरा एनॅमलचा वाडगा.

त्यांनी काठी पाण्यात घातली आणि वर काढून माझ्या डोळ्यांसमोर धरली. "काय हाय हे?"

"शेवाळ," मी हळूच म्हणाले.

"साधं शेवाळ काठीला लोंबतं, बाईच्या केसांवानी. हे लोंबतंय का?" लोंबत नव्हतं. काठी हिरव्या ऑइलपेंटच्या डब्यात बुडवून काढल्यासारखी दिसत होती. "ह्याला आमी रंग म्हणतो. कुत्रं ह्यात गेलं, भाईर आलं, अंग चाटलं, की संपलं. ह्याच्यावर औषध न्हाय. नाव काय ह्याचं?"

"कोको."

"ते पितात न्हवं?" असं म्हणून त्यांनी खिशातून कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची एक पट्टी काढली, मोपेडच्या सीटवर ठेवून काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि माझ्या हातात दिली. 'काठ देवळाकडचा. पाणी बंद. वारा पश्चिमेचा. कुत्रं कोको, घरी बांधावे.'

"फ्रीजवर लावा," ते म्हणाले. "तोंडी सांगितलेलं मी पण पाळत न्हाय."

तात्या एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात चिटबॉय होते. कुणाचा ऊस कधी तुटणार, याची चिठ्ठी देणारा माणूस. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. वालचंदनगरपासून शेजारच्या लासुर्ण्यापर्यंत सगळा ऊसच ऊस असूनही चिटबॉय म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. तात्यांना त्याचं फार आश्चर्य वाटलं. "अहो ताई, कलेक्टर गावात आला तर लोक उठून उभे राहायचे. चिटबॉय आला तर धावत यायचे." ऊन असो, थंडी असो, बांधाबांधाने फिरून, उसाचं कांडं मोडून, चावून बघून ते चिठ्ठी देत. निवृत्त झाल्यावर ऊस सुटला, पण हात लिहायचा थांबला नाही. दूध उतू जाण्यापासून गॅसची टाकी संपण्यापर्यंत सगळ्याच्या चिठ्ठ्या घरात फिरत. काकू म्हणायच्या, "लग्न झाल्यापासनं ह्यांच्या चिठ्ठ्यांवर माझी चूल पेटती. लाकूड लागतंच कुठं?"

त्यांच्याकडे दोन कुत्री होती. त्यांची नावं उसाच्या जातींवरून ठेवलेली. 'दोनशेपासष्ट' हा लांबच लांब, हाडकुळा, नुसता वाढलेला कुत्रा. 'शहाऐंशी' ही बुटकी, तपकिरी, गोड स्वभावाची कुत्री. "शहाऐंशीला उतारा चांगला," ते तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगत, जणू ती खरोखरच गाळपाला जाऊन तिची साखर निघायची होती. दोनशेपासष्ट कुणाचंही ऐकत नसे. शहाऐंशी मात्र मोपेडवर पुढे, त्यांच्या दोन पायांच्या मधे बसून रोज काठावर यायची आणि ते म्हणत नाहीत तोवर खाली उतरायची नाही.

रोज सकाळी त्यांची फेरी असे. प्रत्येक उताराशी ते थांबत, वाडग्यात पाणी घेत आणि उन्हात तिरका धरून बघत. पांढऱ्या वाडग्यात हिरवे बारीक कण चटकन दिसतात. शंका आली तर काचेच्या बाटलीत पाणी भरून घरी नेत आणि कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून देत. दुसऱ्या दिवशी बाटलीच्या गळ्याशी हिरवी साय जमली असली तर तो काठ बंद. ज्या काठाकडे वारा वाहतो तिकडे रंग ढकलला जातो, हे त्यांनी शाळेच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं आणि दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा लिहीत. मोपेडला मागे पाच लिटरचा कॅन बांधलेला असे, बोअरच्या पाण्याचा. कुणाचं कुत्रं चुकून पाण्यात गेलंच, तर त्याचं तोंड धरून, त्याला चाटू न देता, तिथल्या तिथे धुवायला.

"आणि घरनं निघताना पाणी पाजून काढायचं," ते मला सांगत. "तहानलेलं कुत्रं आणि तहानलेला माणूस, दोघं पाण्याचा रंग बघत न्हायत."

मी फार बोलत नाही. तात्यांना त्याची अडचण कधी झाली नाही. ते प्रश्न विचारत, थोडं थांबत आणि माझं उत्तरही स्वतःच देत. "बरं वाटतंय न्हवं गावात? वाटतंय. हवा चांगली हाय." मला ते आवडायचं.

हिवाळ्यात पक्षी बघायला शहरातून गाड्या येतात. एकदा एका गाडीतून एक उंच गृहस्थ उतरले, सोबत त्यांचा जर्मन शेफर्ड. त्यांनी लाल चेंडू काढला आणि पाण्यात फेकायला हात मागे नेला. तात्यांनी तो हात मागच्या मागे धरला.

"साहेब, हा काठ बंद हाय."

"कोणी बंद केला?"

"मी."

"तुम्ही कोण? पाटबंधारे खातं?"

"न्हाय."

"ग्रामपंचायत?"

"न्हाय. रिटायर चिटबॉय." हे त्यांनी कलेक्टर सांगेल अशा थाटात सांगितलं. ते गृहस्थ म्हणाले, "माझा कुत्रा रोज पोहतो. ट्रेन्ड आहे तो."

"असंल की. पण त्याला वाचता येतं का? तुमाला येतं." आणि तात्यांनी चिठ्ठी पुढे केली. त्या माणसाने ती खरोखर वाचली. तेवढ्या वेळात तात्यांनी चेंडू त्याच्या हातातून काढून स्वतःच्या खिशात टाकला होता. "जाताना न्या. हितं माझ्या घरी आमसुलाचं सरबत हाय, कुत्र्याला ताजं पाणी हाय. चला." ते गेलेसुद्धा. परत जाताना त्यांनी फोटो काढून घेतला, तात्यांचा आणि चिठ्ठीचा.

हे सगळं तात्यांना पहिल्यापासून माहीत नव्हतं. त्यांचा आधीचा कुत्रा मोत्या काठावरून आला, तोंडाला फेस आला, पाय झाडले आणि अंगणातच गेला. आमच्याकडे कुत्रं असं मेलं की कुणीही पाण्याकडे बघत नाही, शेजाऱ्याकडे बघतात. 'कुणीतरी औषध घातलं' हेच पहिलं वाक्य. तात्यांचा शेजारी दशरथआबा, आणि बांधावरून दोघांचं त्याच आठवड्यात वाजलेलं. तात्यांनी चावडीसमोर आबांना कुत्रेमाऱ्या म्हटलं. त्यानंतर सहा वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं. लग्नाच्या पत्रिकासुद्धा तिसऱ्याच्या हातून जायच्या.

मग इंदापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. गावातलं आणखी एक कुत्रं तसंच आजारी पडलं, तेव्हा त्यांनी त्याच्या पंजांतला हिरवा लगदा तात्यांना दाखवला आणि सगळं समजावून सांगितलं. तात्या घरी आले, जेवले नाहीत, कागद घेऊन बसले. मग आबांच्या दारात जाऊन उभे राहिले आणि चिठ्ठी पुढे केली. 'कुत्रा मोत्या पाण्याने गेला. दशरथ निर्दोष. चूक माझी.'

आबांनी चष्मा लावून ती वाचली. "तारीख न्हाय," ते म्हणाले.

तात्यांनी तारीख घातली.

"सहा वर्सांची घाल की मग. त्या दिवसापासनची."

तात्यांनी खाली लिहिलं, 'मागील तारखेपासून लागू.' मग आबा म्हणाले, "बस. चहा टाकायला सांगतो." ही गोष्ट मला दोघांनी वेगवेगळी सांगितली, आणि दोघांच्याही सांगण्यात जिंकलेला माणूस तो स्वतः होता.

त्या दिवसापासून तात्यांनी काठ धरला. काठावर कुत्री मरायची थांबली. लोक आधी हसत, नंतर सकाळी दुधाच्या किटल्या घेऊन जाताना विचारू लागले, "तात्या, आज कुठलं पाणी चालू?" तात्या कधी 'बहुतेक' म्हणत नसत. चालू किंवा बंद.

म्हणूनच मला ते शेततळ्याचं सांगितलं पाहिजे.

दशरथआबांचा मुलगा संदीप डाळिंब करतो. त्याचं प्लॅस्टिक अंथरलेलं मोठं शेततळं आहे, त्यात तो धरणाचं पाणी पंपाने आणून साठवतो. तीन वर्षांपूर्वी मेमध्ये ते तळं पूर्ण हिरवं झालं. ठिबकचे फिल्टर दिवसातून तीनदा तुंबायला लागले. डाळिंबवाल्यांच्या घरात फवारणीसाठी मोरचूद असतंच. संदीपने ते पोत्यात बांधून तळ्यात फिरवलं, जसं आजूबाजूचे सगळे करतात. चार दिवसांत पाणी असं निवळलं की तळाची प्लॅस्टिकची घडी दिसायला लागली.

त्याच आठवड्यात महादू धनगराचा कळप आबांच्या रानात बसायला येणार होता. मेंढ्या रात्री रानात बसवल्या की त्यांचं खत मिळतं. त्या बदल्यात चारापाणी शेतकऱ्याचं. दीडशे मेंढ्या आणि चार कुत्री. महादूची कुत्री म्हणजे काही साधी गोष्ट नव्हे. लांडगा आला तर तीच पुढे जातात. महादूने निरोप पाठवला होता, पाणी तात्यांनी बघितलेलं असलं तरच येतो.

तात्या गेले. मी कोकोला फिरवत होते, म्हणून मीही मागे गेले. त्यांनी वाडगा भरला, उन्हात धरला. एक कण नाही. काठी घातली, स्वच्छ वर आली. बाटली भरून घरी नेली, दुसऱ्या दिवशी बघितली. साय नाही. मला तेव्हा एक प्रश्न पडला होता: इतकं सगळं हिरवं होतं ते मेलं, पण गेलं कुठे? मी तो विचारला नाही. तात्या चिठ्ठी लिहीत होते, आणि त्यांचा हात इतका ठाम चालत होता की मध्ये बोलणं मला उद्धटपणाचं वाटलं.

'तळे दशरथचे. पाणी चालू.' चिठ्ठी महादूला पोचली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला ते पुन्हा तळ्यावर गेले. खाली हौद होता, त्यात तळ्याचं पाणी पाइपने येत असे; मेंढ्यांसाठी तो भरून ठेवायचा होता. ऊन कडक होतं. शहाऐंशी मोपेडवर जीभ काढून बसली होती. तात्या तिला म्हणाले, "जा, पी." ती उतरली आणि पोटभर प्याली.

तासाभराने काकूंनी मला हाका मारल्या. शहाऐंशी अंगणात उभी होती, पण तिला नीट उभं राहता येत नव्हतं. तोंडातून लाळेची तार लागली होती, मागचे पाय वेगवेगळ्या दिशेला जात होते. तात्या तिच्यासमोर उकिडवे बसले होते. "रंगात गेलीच न्हाय ही," ते पुनःपुन्हा म्हणत होते. "माझ्यासमोर हाय सकाळपासनं. रंगात गेलीच न्हाय."

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"पाणी कुठलं प्यायली?"

"शेततळ्याचं," तात्या म्हणाले. "पण काचेवानी हाय पाणी. मी बघितलंय, मॅडम. बाटली पण ठेवली हुती."

"तळ्यात काही टाकलं होतं का?"

"मोरचूद."

 त्या म्हणाल्या, "तात्या, ते हिरवं जिवंत असतं तेव्हा विष त्याच्या पोटात असतं. ते मेलं, फुटलं, की विष पाण्यात मिसळतं. पाणी निवळलेलं दिसतं ना, तेव्हाच ते सगळ्यात वाईट. आठवडे जातात कमी व्हायला. बाटलीत काही दिसणार नाही. आत्ता निघा, एक मिनिट घालवू नका."

मी गाडी काढली. तात्यांनी शहाऐंशीला पोत्यावर घेऊन मागच्या सीटवर ठेवलं आणि ते शेजारी बसले. वळणावरून तळ्याचा रस्ता दिसतो. तिकडे धूळ उठली होती. महादूचा कळप हौदाकडे निघाला होता.

"थांबवा," तात्या म्हणाले.

ते उतरले आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन हात पसरून उभे राहिले. पुढच्या मेंढ्या त्यांच्या पायांवर येऊन थबकल्या. चारी कुत्री भुंकत पुढे आली.

"महादू, कळप फिरव. पाणी बंद हाय."

महादू घामाने निथळत होता. "बंद? तुमीच चिठ्ठी दिली की काल! ही बघा, टोपीत हाय माझ्या."

"काल मी चुकलो."

"जनावरं सकाळपासनं तहानलेली हायत, तात्या. चेष्टा करताय व्हय? काल चालू, आज बंद. काल चुकला, तर आज बरुबर कशावरनं?"

 तात्यांनी महादूच्या दंडाला धरलं, त्याला गाडीपाशी आणलं आणि मागचं दार उघडलं. "ही माझी शहाऐंशी. मीच म्हणलो तिला, पी."

महादूने वाकून आत बघितलं. तिच्या पायांना झटके येत होते. त्याने टोपी काढली, चिठ्ठी तात्यांच्या हातात परत दिली आणि तोंडाने कसलासा आवाज केला. कळप जागच्या जागी वळला. कुत्री मात्र वळेनात. त्यांना पाण्याचा वास लागला होता. महादूने दोघांना दोरी लावली, तात्यांनी उरलेल्या दोघांना टोपी उसवून, पंचा फाडून बांधलं.

मी हॉर्न वाजवला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ओरडून काही सांगितलं, "तात्या, बसा लवकर!"

ते खिडकीशी आले. शहाऐंशीच्या कपाळावर त्यांनी तळवा ठेवला, काढला. "तुमी जा. हौद भरलेला हाय, ह्यांना दुसरं पाणी मिळाल्याबिगर ही परत हितंच येणार. मी गेलो तर थांबवणार कोण? माझीच चिठ्ठी हाय ती." आणि मग, कोकोला हाकलावं तसं मला, "जा की!"

मी गेले. इंदापुरात पोचेपर्यंत ती दोनदा ताठ झाली. डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं, पोटात कोळशाचं औषध दिलं आणि स्पष्ट सांगितलं की यकृतावर किती परिणाम झालाय ते दोन दिवस कळणार नाही. शहाऐंशी चौथ्या दिवशी घरी आली, अर्धी झालेली, आणि तिची पुढची भूक कधीच पूर्वीसारखी राहिली नाही, पण आली. संदीपने तळ्याला जाळी मारली आणि डाळिंबांना महिनाभर बोअरचं पाणी दिलं. तात्यांनी त्या आठवड्यात घरोघर जाऊन स्वतः सांगितलं की मोरचूद टाकलेलं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी बंदच, आणि हे आपल्याला माहीत नव्हतं. 'माहीत नव्हतं' हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला लोकांना अवघड गेलं, त्यांना म्हणायला गेलं नाही. नंतर दोन उन्हाळे त्यांनी काठ सांभाळला. गेल्या हिवाळ्यात, दोन दिवसांच्या तापाने, ते गेले.

पण डोळ्यांसमोर येतात ते त्या दुपारचे तात्या. तेव्हा यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं.

मी इंदापूरहून एकटी परत आले तेव्हा तीन वाजून गेले होते. हौदाची तोटी तारेने बांधलेली होती आणि हौद रिकामा, ओल्या तळाचा पडला होता. कळप दिसेना. मग आबांच्या घरामागे आवाज आले. गल्लीतली सगळी घमेली, टब, काकूंची कपडे धुवायची बादली, आबांच्या नातवाचा प्लॅस्टिकचा टब, सगळं ओळीने मांडलं होतं, आणि बोअरची पाइप हातात घेऊन तात्या ते भरत होते. टोपी नसलेलं त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच बघितलं. मेंढ्या पिऊन बाभळीखाली बसल्या होत्या. आता कुत्र्यांची पाळी होती. मी तोंड उघडलं, तसा त्यांनी माझ्याकडे न बघता हात वर केला: थांबा. तीन कुत्री पिऊन बाजूला झाली. चौथं म्हातारं होतं, सावकाश पीत होतं, मधेच थांबून इकडेतिकडे बघत होतं. तात्या त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले. त्याने शेवटचं तोंड वर काढलं, मिशांवरून पाणी झटकलं आणि सावलीत जाऊन आडवं झालं.

तात्यांनी पाइप बंद केली. हात धोतराला पुसले. मग माझ्याकडे वळले.

"हां," ते म्हणाले. "आता सांगा."